पिंजऱ्यातली चोणक आणि औषधाची पुडी

[दृश्य: काणकोणची खाडी, सकाळ. तरंगता पिंजरा, जाळं वर येतं.]

मे महिना. खाडीचं पाणी 30 अंशांवर गेलंय. पिंजऱ्यात आहे चोणक, म्हणजे रायगडकडचा जिताडा. शेपटीजवळ पाहा, खवले गेलेत. पोटावर लाल चट्टे आहेत.

चोणक आपल्याच भावंडांना गिळते. म्हणून पिल्लं वरचेवर आकारानुसार निवडून वेगळी करावी लागतात. त्या पकडापकडीत अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, खवला सुटतो. विब्रिओ जातीचे जिवाणू खाऱ्या पाण्यात असतातच. त्यांना एवढीशी जखम पुरते. त्यात पाणी तापलेलं, पिंजऱ्यात दाटी, आणि शेवाळ धरलेल्या जाळ्यातून प्रवाहही धड खेळत नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा. काचेची बशी.]

तपासणीला मेलेला मासा चालत नाही. मेल्यावर इतर जिवाणूही अंगात शिरतात आणि खरा कोणता ते कळत नाही. मरणाला टेकलेला, पण जिवंत मासा लागतो. त्याच्या मूत्रपिंडातला नमुना मीठ घातलेल्या माध्यमावर वाढवतात, मग त्या जिवाणूंवर औषधाच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी हे असं दिसतं. या चकतीभोवती स्वच्छ रिंगण आहे: इथे जिवाणू वाढला नाही. त्या चकतीपाशी मात्र तो थेट कडेपर्यंत पोचलाय. ते औषध पिंजऱ्यात दिलं असतं तर वाया गेलं असतं. ही बशी पाहिल्याशिवाय पुडी फोडू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. जखम परजीवीमुळेही होते, आणि तिथे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही.

[दृश्य: घमेलं, खाद्याच्या गोळ्या, माशाचं तेल.]

ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक नुसतं पाण्यात ओतून भागत नाही. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला बांधून ठेवतं. म्हणून ते खाद्यातून द्यायचं. तज्ज्ञाच्या सल्ल्याने, किलोभर माशामागे रोज 75 मिलिग्रॅम, 10 दिवस. पिंजऱ्यात 500 किलो मासा असेल तर दिवसाला साडेसदतीस ग्रॅम शुद्ध औषध. ते गोळ्यांवर चोळायचं, वर तेलाचा हात द्यायचा, म्हणजे पाण्यात पडताच धुऊन जात नाही. सावलीत सुकवायचं.

आजारी मासा खातच नाही. औषध पोचतं ते अजून तोंड उघडणाऱ्यांपर्यंत. त्यामुळे सकाळी खाद्य टाकताना किती मासे वर येतात, यावर रोज नजर हवी.

[दृश्य: खाद्यावर झेपावणारे मासे.]

अर्धवट डोस दिला की औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे उरतात. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही अँटिबायोटिक्स मत्स्यशेतीत पूर्ण बंद आहेत. ऑक्सिटेट्रासायक्लिनचा अंश माशात किलोला 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून डोस संपल्यावर थांबावं लागतं. युरोपात 2022पर्यंत ठोकळ हिशेब 500 अंश-दिवसांचा होता, म्हणजे पाण्याचं तापमान गुणिले दिवस; 30 अंशांच्या पाण्यात सुमारे 17 दिवस. तो धरला तर या पिंजऱ्यातली चोणक जूनमध्ये, मासेमारीबंदी लागल्यावरच बाजारात जाईल.