झोपेची गोळी सुटताना जोडीदाराचं काम

मंडळी, जाहीर झालेला विषय ‘जोडीदाराने काय करावं’ असा आहे. तिकडे येतेच. पण आधी ‘एक दिवसाआड’ या पद्धतीवर बोलायला हवं, कारण गोळी सोडायची म्हटलं की घरोघरी पहिलं हेच सुचतं. तुमच्यापैकी कुणी हे केलं असेल तर हात वर करू नका, शेजारी घरचं माणूस बसलंय!

झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी अल्प्राझोलामचा निम्मा अंश शरीरातून साधारण ११-१२ तासांत जातो, झोल्पिडेमचा तर २-३ तासांतच. आज घेतलेल्या अल्प्राझोलामचा उद्या झोपायच्या वेळी पाव हिस्सा उरतो, परवा सोळावा. मग एकदम पुन्हा अख्खी गोळी. वर्षानुवर्षं औषधाला सरावलेल्या मेंदूला एका रात्री उपास आणि दुसऱ्या रात्री पोटभर. उपासाच्या रात्री छातीत धडधड, घाम, चिडचिड. गोळीच्या रात्री गाढ झोप. यातून माणूस एकच गोष्ट शिकतो : गोळीशिवाय मला झोप नाही. जोडीदारही म्हणतो, “बघितलंस, तुला लागतेच!” ते मूळचं निद्रानाशाचं दुखणं असेलच असं नाही. बरेचदा ती औषध तुटल्याची प्रतिक्रिया असते.

म्हणून डोस रोज तोच, त्याच वेळी, आणि कपात थोडीथोडी. २०२५च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना अल्प्राझोलामच्या गटातल्या औषधांसाठी सुरुवातीला दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के कपात सुचवतात. २ आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त सहसा नाही. आता गणित मांडा. रोजचा डोस ०.५ मिलिग्रॅम. ०.२५च्या गोळीचे चार भाग केले तर एक भाग ०.०६२५, म्हणजे पहिली पायरी साडेबारा टक्क्यांची. पण शेवटी दोनच तुकडे उरले, की एक कमी करणं म्हणजे थेट निम्म्यावर येणं. “आता काय, चिमूटभर तर राहिलीय” म्हणत माणसं इथेच घसरतात. म्हणून डॉक्टर कधी त्याच गटातल्या, पण हळू उतरणाऱ्या डायझेपामवर नेतात. वय जास्त असेल तर ते शरीरात साठतं, तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो. तेव्हा हा बदल घरी करायचा नाही. तुकडे सुरीने नको, औषधाच्या दुकानात गोळी कापायचं कटर मिळतं. नावापुढे एसआर किंवा सीआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) असेल ती गोळी कापायचीच नाही, औषध एकदम सुटतं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ विषय भरभर सांगते.

जोडीदाराचं खरं काम दिवसा असतं. उठायची वेळ रोज एकच, समजा ६. रात्र कशीही गेली तरी. दुपारी आडवं होऊ लागले तर सोबत चालायला न्या. चारचा चहा दोघांनीही सोडा, एकट्याला सोडायला लावू नका. रात्री घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा. झोप येत नसेल तर त्यांना उठून बाहेरच्या खोलीत बसू द्या, पाठोपाठ जाऊ नका. आणि सकाळी “अहो, लागली का झोप?” हे विचारू नका, त्या प्रश्नाने दिवसाची सुरुवातच परीक्षेने होते.

गोळ्या मोजून पहारा देऊ नका. डोस आणि तारीख दोघांनी मिळून वहीत लिहा. घोरताना श्वास अडतोय का, ते मात्र तुम्हालाच दिसणार. दिसलं तर डॉक्टरांना सांगा, कारण मग दुखणंच वेगळं असू शकतं. गोळीच्या जागी दारू किंवा गुंगी आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध येऊ देऊ नका.

फीट, भ्रम, भास किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा दिसली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. बाकी एखादी पायरी जड गेली, तर त्याच डोसवर आणखी २ आठवडे थांबता येतं. डॉक्टरांना फोन करून तसं ठरवा.