न झाडलेल्या पिस्तुलाची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे एका पिस्तुलाबद्दल, आणि तेही अशा, की जे कुणी कधी झाडूच नये अशा अपेक्षेनं बनवलं गेलं.

१९६७ साली अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीनं ते विक्रीला काढलं. किंमत २०० डॉलर. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, फ्रान्समधल्या शातो-थिएरी या गावाजवळ अमेरिकन फौज लढली, त्या लढाईच्या स्मरणार्थ. आत यंत्र तेच, सैनिकांच्या कमरेला असायचं ते पॉइंट ४५ चं, म्हणजे ०.४५ इंच व्यासाच्या गोळीचं. बाहेरून मात्र थाट वेगळा. निळसर काळी झळाळी, वरच्या सरकत्या भागावर, म्हणजे स्लाइडवर, नक्षी आणि लढाईचं नाव, लाकडी मुठीत बसवलेलं छोटं पदक आणि हे सगळं मांडून ठेवायला पेटी. ते विकत घेणाऱ्यानं करायचं एवढंच, की पेटी दिवाणखान्यात ठेवायची आणि पाहुण्यांना दाखवायची.

पाठोपाठ आणखी तीन लढायांची पिस्तुलं आली. बेलो वुड, मार्नची दुसरी लढाई आणि म्यूझ-आर्गोन. या शेवटच्या मोहिमेत सव्वीस हजारांवर अमेरिकन सैनिक मारले गेले. ॲल्विन यॉर्क नावाचा टेनेसीचा एक शेतकरी शिपाई याच मोहिमेत, ८ ऑक्टोबर १९१८ रोजी, संगीन रोखून धावत आलेल्या जर्मन तुकडीला अशाच एका पिस्तुलानं सामोरा गेला आणि पुढे अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान त्याला मिळाला. तर कंपनीकडे विकायला गोष्ट होती, यात शंका नाही.

आता आकडे ऐका. प्रत्येक लढाईची साधी पिस्तुलं ७,४००. त्याशिवाय जास्त नक्षीची ७५ आणि सगळ्यात भारी अशी २५. म्हणजे लढाईगणिक साडेसात हजार आणि चार लढायांची मिळून तीस हजार. १९७० मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या नावानं आणखी दोन पिस्तुलं काढली, युरोपची एक आणि पॅसिफिकची एक, दोन्ही ११,५०० नग. तीन-चार वर्षांत पन्नास हजारांच्या वर 'दुर्मीळ' वस्तू बाजारात! दुर्मीळ हा शब्द इतका स्वस्त झालेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे दुकान मांडणाऱ्या कंपनीची कुळकथा बघायला हवी, कारण विकण्याची ही हातोटी तिच्या रक्तातच आहे.

सॅम्युअल कोल्टचा जन्म १८१४ सालचा, कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्ड गावचा. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८३० मध्ये, तो बोस्टनहून 'कॉर्वो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून चढला. जहाज निघालं होतं आपल्याकडे, कलकत्त्याला. त्या प्रवासात त्याला फिरत्या चकतीच्या बंदुकीची, म्हणजे रिव्हॉल्व्हरची, कल्पना सुचली, अशी कथा तो स्वतः जन्मभर सांगत राहिला. जहाजाचं सुकाणूचक्र फिरून एका जागी अडकतं, ते बघून म्हणे सुचलं. कुणी म्हणतं सुकाणू नव्हे, नांगर ओढायचा रहाट. कुणी अशीही शंका घेतं, की फिरत्या चकतीच्या चकमकी बंदुका तेव्हा हिंदुस्थानात इंग्रजांकडे होत्याच, त्यातलीच एखादी पोरानं पाहिली असेल. काही असो, त्यानं जहाजावर लाकडाचा नमुना कोरला हे खरं. तो नमुना आजही हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ ॲथेनियम या संग्रहालयात आहे.

परत आल्यावर हातात पैसा नाही. मग हा गडी 'डॉक्टर कूल्ट' बनून गावोगावी फिरला. लोकांना तिकीट लावून हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हुंगायला द्यायचा आणि जमलेल्या पैशांतून बंदुकीचे नमुने बनवून घ्यायचा. १८३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना निघाला आणि १८४२ पर्यंत बुडालाही. पुढची पाच वर्षं कोल्टच्या नावानं बंदुक बनत नव्हती. मेक्सिकोशी युद्ध पेटलं तेव्हा टेक्सास रेंजर्सच्या कॅप्टन सॅम्युअल वॉकरला ही रिव्हॉल्व्हरं आठवली आणि १८४७ मध्ये हजार नगांची मागणी आली. कोल्टकडे तेव्हा कारखानाच नव्हता! त्यानं ती दुसऱ्याच्या, एली व्हिटनी धाकट्याच्या कारखान्यात बनवून घेतली. तिथून पुढे मात्र त्यानं मागे वळून पाहिलं नाही. रेंजर्सनी आधी तिथल्या मूळ रहिवासी कोमँची लोकांविरुद्ध याच बंदुका वापरून पाहिल्या होत्या, ही गोष्ट कंपनीच्या गौरवगाथेत फार मोठ्या अक्षरात नसते. मी इथे मुद्दाम सांगतो.

कोल्ट कारागीर होता का? होता, पण त्याहून मोठा विक्रेता. १८५१ ला लंडनच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं रिव्हॉल्व्हरं मांडली आणि दोन वर्षांत टेम्सच्या काठी कारखानाही काढला. तो काही टिकला नाही. तुर्कस्तानचा सुलतान आणि रशियाचा झार, या दोघांना त्यानं सोन्याची नक्षी केलेली रिव्हॉल्व्हरं नजर केली. सुलतानाला सांगायचं, रशियावाले घेताहेत, आणि झारला सांगायचं, तुर्क घेताहेत, अशी त्याची ख्याती होती. म्हणजे शोभेचं शस्त्र बनवायचं आणि त्याच्या आडून साधं शस्त्र गाडाभर खपवायचं, हे मूळ पुरुषाचंच तंत्र. फरक इतकाच, की त्याची शोभेची शस्त्रं मोजकी होती आणि राजांच्या हातात जात होती.

हार्टफर्डचा मोठा कारखाना १८५५ चा. कनेक्टिकट नदीच्या काठची ती कुरणं नदीला पूर आला की पाण्याखाली जायची. कोल्टनं तिथे सुमारे दोन मैलांचा बांध घातला. बांधाची माती धरून ठेवायला त्यावर विलोची झाडं लावली. झाडं वाढल्यावर त्यांच्या फांद्या फुकट का घालवायच्या, म्हणून जर्मनीहून वेताच्या कामाचे कारागीर कुटुंबांसकट आणून वसवले आणि विलोच्या खुर्च्या-टेबलं विकायला सुरुवात केली. कारखान्यावर निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट, त्यावर सोनेरी चांदण्या आणि टोकाला मागच्या पायांवर उभं राहिलेलं शिंगरू, कारण इंग्रजीत कोल्ट म्हणजे शिंगरूच. हा घुमट आजही दुरून दिसतो.

कोल्ट जानेवारी १८६२ मध्ये गेला, वय फक्त ४७. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १८६४ मध्ये, कारखान्याला आग लागून मोठा भाग भस्मसात झाला. त्याची बायको एलिझाबेथ हिनं तो पुन्हा उभा केला आणि १९०१ पर्यंत कंपनी तिच्या कुटुंबाकडे राहिली. नवरा आणि मुलं यांच्या स्मरणार्थ तिनं १८६९ मध्ये जवळच एक चर्च बांधलं. त्याच्या एका दाराच्या कमानीवर दगडात क्रूस, पानंफुलं आणि त्यांच्या मध्ये रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग कोरलेले आहेत. देवळाच्या दारात बंदुकीचे भाग! माझ्या मते कोल्ट घराण्यानं बनवलेलं खरं स्मारक हेच. ते विकायचं नव्हतं.

आता पेटीतल्या त्या पिस्तुलाकडे येतो. त्याचा जन्म फिलिपाइन्समधला म्हटलं तरी चालेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन फौज तिथे मोरो, म्हणजे दक्षिणेकडच्या मुसलमान, लढवय्यांशी लढत होती. पॉइंट ३८ ची रिव्हॉल्व्हरची गोळी लागूनही माणूस तलवार घेऊन अंगावर येतो, अशा तक्रारी वॉशिंग्टनला पोचल्या. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेतल्या. प्रेतांवर आणि कत्तलखान्यातल्या जिवंत जनावरांवर. वाचवत नाही इतकं ओंगळ प्रकरण आहे ते. निष्कर्ष निघाला, पॉइंट ४५ च्या खाली नको.

पिस्तुलाची रचना केली जॉन ब्राउनिंगनं, युटामधल्या ऑग्डनच्या एका बंदुका बनवणाऱ्याच्या मुलानं. गोळी सुटली की नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकून मागे सरकतात, मग एका छोट्या कडीवर नळी खाली झुकते, कुलूप सुटतं, स्लाइड एकटी मागे जाऊन रिकामं काडतूस बाहेर फेकते आणि येताना मुठीतल्या मॅगझिनमधली नवी गोळी आत ढकलते. मॅगझिनमध्ये गोळ्या सात. वजन साधारण एक किलो शंभर ग्रॅम. मार्च १९११ मध्ये अंतिम परीक्षा झाली. एकाच पिस्तुलातून सहा हजार गोळ्या. ते तापलं की पाण्यात बुडवून थंड करायचं आणि परत सुरू. प्रतिस्पर्धी सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल ३७ वेळा अडखळलं. ब्राउनिंगचं एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी ते फौजेनं स्वीकारलं आणि १९८५ पर्यंत, चौऱ्याहत्तर वर्षं, तेच अमेरिकन फौजेचं मुख्य पिस्तूल राहिलं.

आणि इथे आपल्या घरातली दोन नावं येतात, श्रोतेहो. दुसऱ्या महायुद्धात एकट्या कोल्टला मागणी झेपेना, म्हणून सरकारनं इतर कारखान्यांना हे पिस्तूल बनवायला लावलं. रेमिंग्टन रँड, म्हणजे ज्यांच्या टाइपरायटरवर आपल्याकडच्या कचेऱ्यांत आणि कोर्टाबाहेर अर्ज बडवले गेले, त्यांनी पावणेनऊ लाखांच्या आसपास पिस्तुलं बनवली. आणि दुसरं नाव सिंगर. होय, आजीच्या पायाखालची, काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टीची सिंगर. १९४० मध्ये सरकारनं शिवणयंत्रवाल्यांना फक्त पाचशे पिस्तुलं बनवायला सांगितलं, जमतंय का ते बघायला. जमलं, आणि इतकं उत्तम जमलं की सरकारनं विचार केला, एवढ्या बारीक कामाचे हात पिस्तुलावर कशाला घालवायचे? त्यांना विमानवेधी तोफांचा नेम धरणाऱ्या यंत्रांकडे वळवलं. पिस्तुलं बनली तेवढी पाचशेच. बहुतेक हवाईदलाकडे गेली, वापरली गेली, हरवली, मोडली. त्यांच्यावर नक्षी नाही, पदक नाही, पेटी नाही. स्लाइडवर फक्त कंपनीचं नाव आणि गाव.

२०१७ मध्ये त्यातलं एक लिलावात चार लाख डॉलरच्या वर गेलं.

आणि शातो-थिएरीचं, नक्षीचं, पेटीतलं? १९६७ चे २०० डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साधारण अठराशे-एकोणीसशे. त्याच्या फार पुढे ते क्वचितच जातं, बऱ्याचदा तिथवरही पोचत नाही. शिवाय अट आहेच. पेटी हवी, कागद हवेत, बाहेरचं खोकं सुद्धा हवं आणि मुख्य म्हणजे एकही गोळी झाडलेली नको. पैठणीची घडी मोडली की ती नवी राहत नाही, तसं एकदा चाप ओढला की संपलं. स्लाइड वारंवार मागे ओढली तरी जाणकाराला नळीवरच्या ओरखड्यावरून कळतं. म्हणजे मालकानं पन्नास वर्षं ते नुसतं राखायचं, तेल लावायचं, आणि वारसांनी विकायला काढल्यावर कळतं की अशीच राखलेली हजारो पिस्तुलं इतर वारसांनीही बाजारात आणली आहेत. सगळ्यांनीच जपलं, म्हणून कुणालाच भाव नाही. सिंगरची कुणी जपली नाहीत.

कोल्टनं असा माल १९६१ पासून लावला होता. त्या वर्षी कंपनीला सव्वाशे वर्षं झाली, त्याचं रिव्हॉल्व्हर निघालं. मग राज्यांच्या शताब्द्या, शहरांचे वर्धापनदिन, जुने शेरीफ. टीव्हीवर काउबॉयच्या मालिका जोरात होत्या आणि गिऱ्हाईक तयार होतं. मात्र हा धंदा चालू होता तेव्हा बाकीचं घर वासे ढिले झाल्यासारखं कुरकुरत होतं. जानेवारी १९८६ मध्ये हार्टफर्डचे कामगार संपावर गेले. संप चार वर्षं चालला. त्याच काळात, १९८८ मध्ये, अमेरिकन फौजेच्या एम-१६ रायफलचं सरकारी कंत्राट बेल्जियन मुळाच्या एफएन कंपनीनं नेलं. १९९० मध्ये कंपनी विकली गेली तेव्हा खरेदीदारांत कामगार होते आणि कनेक्टिकट राज्याचा निवृत्तिवेतन निधीसुद्धा. निधीनं अडीच कोटी डॉलर घातले, त्यातले बहुतेक बुडाले, कारण १९९२ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. २०१५ मध्ये पुन्हा एकदा. आणि २०२१ मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या चेस्का झ्ब्रोयोव्का, म्हणजे सीझेड, या बंदुका बनवणाऱ्या गटानं ती विकत घेतली. पुढच्या वर्षी या झेक गटानं स्वतःचं नाव बदलून कोल्ट सीझेड ग्रुप करून घेतलं. त्यांनी खरेदी काय केलं, ते त्यातच आलं.

ब्राउनिंगच्या रचनेवरचं पेटंट कधीच संपलं आहे, त्यामुळे ते पिस्तूल आता कुणीही बनवू शकतं, आणि डझनावारी कंपन्या बनवतात. त्यातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे आर्मस्कोर. कारखाना मनिलाजवळ मारिकिना शहरात. ज्या फिलिपाइन्सच्या लोकांना थोपवण्यासाठी ही गोळी आणि हे पिस्तूल जन्माला आलं, तिथलेच कामगार आज ते बनवतात आणि अमेरिकनांना विकतात. कोल्टपेक्षा बऱ्याच कमी किमतीत.

नमस्कार.