अडान नावाचा माणूस: जुन्या कथाप्रधान गेम्सवरचं प्रेम आणि त्यांची डागडुजी

मंडळी, डिसेंबर १९९९ मध्ये आलेल्या ‘प्लेनस्केप: टॉर्मेंट’ या गेमच्या संवाद-चौकटीत कधी कधी एकच वाक्य दोनदा दिसतं. शब्द न् शब्द तोच. फक्त एकाच्या आधी ‘खरं’ लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याच्या आधी ‘खोटं’. समोरच्या पात्राला तुमच्या पोटातलं कसं कळणार? ते बहुधा दोन्हींना सारखंच उत्तर देतं. गेमला मात्र कळतं. खोटं बोललात की नायकाचं अलाइनमेंट, म्हणजे त्याच्या स्वभावाचा कल, गुपचूप किंचित सरकतो.

याच नायकाला स्वतःचं नाव आठवत नाही. कुणी विचारलं तर ‘अडान’ असं ठोकून द्यायची सोय आहे. थाप मारली की पडद्यामागे एक आकडा वाढतो. पुरेशा वेळा मारलीत, तर शहरातल्या एका गुत्त्यात अडान नावाचा खराखुरा माणूस बसलेला सापडतो! पुरेशा लोकांनी विश्वास ठेवला की गोष्ट खरी होते, हा त्या जगाचा नियमच आहे. बहुतेक खेळाडू गेम संपवतात आणि त्यांना या माणसाचा पत्ताही लागत नाही.

पडदा ६४० बाय ४८० ठिपक्यांचा, पात्रं करंगळीएवढी, आणि मजकूर सुमारे ८ लाख शब्दांचा. अशा गेम्सवर लोक पंचवीस-पंचवीस वर्षं जीव का लावतात, असं विचारलं की ‘लहानपणीच्या आठवणी’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते पुरत नाही. आठवणीत रमणारा माणूस उसासा टाकून मोकळा होतो, तो रात्रभर बसून दुसऱ्याच्या संवादातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करत नाही. इथे नेमकं तेच चालू आहे. त्याचं कारण या गेम्सच्या बांधणीत आहे: तुम्ही काय बोललात ते गेम आकड्यांत लक्षात ठेवतो, आणि ते आकडे व ती वाक्यं ज्या फायलींत आहेत त्या कुणालाही उघडता येतात.

वाचायची सवय मात्र त्याआधीची, आणि ती अडचणीतून लागली. १९८८ च्या ‘वेस्टलँड’मध्ये सगळा मजकूर मावेल एवढी जागा फ्लॉपीवर नव्हती. म्हणून गेमबरोबर छापील पुस्तिका यायची आणि पडद्यावर सूचना यायची की अमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. कुणी उतावीळपणे पुढचं चाळून बघेल म्हणून त्यात मुद्दाम खोटे परिच्छेदही घातले होते. त्याच वर्षीच्या ‘पूल ऑफ रेडियन्स’मध्येही अशीच पुस्तिका होती. म्हणजे या प्रकाराचा खेळाडू सुरुवातीपासूनच आधी वाचक होता.

‘फॉलआउट’ने १९९७ मध्ये वाचनाला परिणामांची जोड दिली. पाणी शुद्ध करणारी चिप शोधायला तुम्हाला १५० दिवस मिळतात. पाण्याचे व्यापारी गाठून तुमची माणसं राहतात त्या तळघरात पाणी पाठवलंत तर आणखी १०० दिवस हाती येतात. पात्राची बुद्धिमत्ता ३ किंवा त्याहून कमी ठेवलीत तर संवादाचे पर्यायच बदलतात, नायक हुंकार आणि तुटक शब्दांपलीकडे जात नाही आणि बरीच माणसं त्याला हाकलून देतात. पुढच्या वर्षीच्या ‘फॉलआउट २’मध्ये तर कमालच आहे. असा मंदबुद्धी नायक टॉर नावाच्या तितक्याच मंद गुराख्याशी बोलू लागला, की पडद्यावर दोघांचं संभाषण एकदम विद्वानांसारखं उमटतं. फार थोड्या खेळाडूंना दिसेल असा प्रसंग, तरी कुणीतरी बसून लिहिला. चाहते या गोष्टींना जपतात ते उगाच नाही.

आता फायलींकडे वळू. ‘बाल्डर्स गेट’ १९९८ चा, त्याचा दुसरा भाग २००० चा. हे दोन्ही आणि ‘टॉर्मेंट’ इन्फिनिटी इंजिन या एकाच सॉफ्टवेअर-सांगाड्यावर चालतात. गेममधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘डायलॉग डॉट टीएलके’ नावाच्या एका फायलीत असतं. दुसऱ्या भागात, त्याच्या विस्तारासह, अशी वाक्यं ७० हजारांहून जास्त आहेत. सुरुवातीला १८ बाइटचं शीर्षक, मग प्रत्येक वाक्यासाठी २६ बाइटची नोंद: प्रकार, सोबतच्या आवाजाच्या फायलीचं नाव, आवाजाची पातळी, पट्टी, मजकूर कुठे सुरू होतो आणि त्याची लांबी. वाक्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. पात्राच्या संवादाची फाइल वेगळी असते. त्या फायलीत ‘हा क्रमांक बोल, आणि शहाणपण १२ पेक्षा जास्त असेल तरच तो क्रमांक पर्याय म्हणून दाखव’ अशा पद्धतीच्या अटी असतात. सगळी जादू एवढीच.

ही रचना चाहत्यांनी उलगडली आणि वायडू नावाचं साधन बनवलं. त्यामुळे मूळ फाइल अख्खी न बदलता नेमका तेवढाच भाग बदलता येतो आणि एकाच गेमवर दहा-वीस मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले फेरफार, एकमेकांशेजारी नांदू शकतात. फायलीच्या नावाला आठ अक्षरांची मर्यादा आहे. दोन मॉडांनी एकच नाव वापरलं तर नंतरचा आधीच्याला गिळतो. म्हणून मॉड करणारे आपापली आद्याक्षरं आधीच राखून ठेवतात. शिस्त आहे ती.

मॉड बसवताना लोक कुठे ठेचकाळतात ते सांगतो, कारण तक्रारी वर्षानुवर्षं त्याच असतात. गेम विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरात ठेवू नका. तिथे विंडोज लिहू देत नाही, किंवा लिहिलेलं परस्पर ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये वळवतं. मग मॉड बसला असं तुम्हाला वाटतं आणि गेमला त्याचा पत्ताच नसतो. गेम एकदा सुरू करून बंद करा, म्हणजे त्याच्या सेटिंगच्या फायली तयार होतात. मग अख्ख्या फोल्डराची प्रत बाजूला काढून ठेवा. मॉडचा सेटअप ‘चिटिन डॉट की’ ही फाइल जिथे आहे तिथेच असला पाहिजे, एक फोल्डर आत गेला तर तो गेम सापडत नाही म्हणून थांबतो.

क्रम महत्त्वाचा. आधी दुरुस्त्यांचे मॉड, मग नवी पात्रं आणि नवा मजकूर, आणि ट्वीक म्हणतात ते छोटे फेरफार शेवटी. ट्वीक बसवताना त्या क्षणी जे अस्तित्वात आहे त्यालाच हात लावतो. बाणांच्या जुडग्यात जास्त बाण मावावेत असा ट्वीक आधी बसवलात आणि नवे बाण आणणारा मॉड मागून आला, तर ते नवे बाण जुन्याच मर्यादेत अडकतात. काय कोणत्या क्रमाने बसलं ते ‘वायडू डॉट लॉग’मध्ये असतं. मदत मागताना आधी ती फाइल दाखवावी. मधलाच एखादा मॉड काढलात तर वायडू त्यावरचे सगळे उतरवतो, तो काढतो आणि बाकीचे पुन्हा रचतो. याला वेळ लागतो, घाबरून खिडकी बंद करू नका.

आणखी दोन खोड्या. नव्याने विकल्या जाणाऱ्या आवृत्त्या आपोआप अपडेट झाल्या, तर वाक्यांची फाइल नवी येते पण ‘ओव्हरराइड’ फोल्डरातले मॉडचे तुकडे तसेच राहतात. क्रमांक आणि वाक्यं यांची फारकत होते. मग तलवारीच्या वर्णनाच्या जागी भलत्याच कुणाचं तरी वाक्य येतं, किंवा नुसतं ‘इनव्हॅलिड’ आणि एक आकडा. म्हणून मॉड बसवण्यापूर्वीच अपडेट बंद करा. दुसरी खोडी सेव्हची, म्हणजे साठवलेल्या डावाची. तुम्ही एखाद्या ठिकाणी गेलात की त्या ठिकाणाची अवस्था सेव्हमध्ये साठते. पुढच्या वेळी गेम तीच वापरतो, मूळ फाइल बघत नाही. त्यामुळे मॉडने ज्या खानावळीत नवं पात्र उभं केलं तिथे तुम्ही आधीच जाऊन आला असाल, तर ते पात्र तुम्हाला दिसणारच नाही. मॉड बिघडलेला नाही. नवा डाव मांडा.

अपुऱ्या राहिलेल्या गेम्सवर तर चाहत्यांचा जीव जरा जास्तच. ‘व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ १६ नोव्हेंबर २००४ ला, ‘हाफ-लाइफ २’च्याच दिवशी बाजारात आला आणि त्याच्या सावलीत गेला. तो बनवणारी ट्रॉइका कंपनी २००५ च्या फेब्रुवारीत बंद पडली. पुढच्या सगळ्या दुरुस्त्या चाहत्यांच्या पॅचने, म्हणजे वरून जोडायच्या दुरुस्ती-संचाने, केल्या. आजच्या यंत्रावर मूळ गेम उघडला तर ‘१५ एमबीपेक्षा कमी मेमरी उपलब्ध’ अशी चूक दाखवून बंद पडतो, आणि खरं कारण नेमकं उलटं असतं: मेमरी इतकी जास्त आहे की गेमचा हिशेबच चुकतो. पॅचने ते सुटतं. पॅच बसवताना ‘बेसिक’ आणि ‘प्लस’ असे दोन पर्याय येतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने बेसिक घ्यावा, कारण प्लसमध्ये काढून टाकलेला मजकूर परत आणलेला आहे आणि काही ठिकाणी मूळ घडणही बदललेली आहे. मॅल्केव्हियन या व्हँपायर-कुळातला नायक निवडलात तर त्याचे संवाद पूर्ण वेगळे, वेडसर आणि भविष्य सूचित करणारे असतात. ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा, पहिल्या फेरीत त्यातले इशारे कळणारच नाहीत.

‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’चा दुसरा भागही असाच घाईत बाहेर पडला. कापलेल्या प्रसंगांचे ध्वनिमुद्रित संवाद डिस्कवर तसेच राहिले होते, चाहत्यांनी ते शोधून पुन्हा कथेत ओवले. काम थोर आहे. तरी एक सांगायला हवं: कापलेलं सगळंच सोनं नसतं. काही प्रसंग संथ होते म्हणूनच कापले गेले, आणि संपादक हा लेखकाचा शत्रू नव्हे.

ज्यांना आजच सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी ‘टॉर्मेंट’चं गणित सांगतो. नायकाचे सहाही गुणधर्म ९ वर असतात आणि ते वाढवायला २१ गुण मिळतात. शहाणपण १८, बुद्धिमत्ता १६, व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव १४. झाले २१. शक्ती ९ वर राहू द्या. नायक मेला तरी पुन्हा उठतो, त्यामुळे कमजोर हातांची किंमत फारशी मोजावी लागत नाही. कमी शहाणपणाची मात्र मोजावी लागते, कारण आठवणी उघडणारे संवादच दिसत नाहीत आणि आपलं काय हुकलं हेही कळत नाही. ‘बाल्डर्स गेट’मध्ये नवशिके ‘थॅको’पाशी, म्हणजे वार लागतो की नाही हे ठरवणाऱ्या आकड्यापाशी, अडतात. वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवं याचा हिशेब साधा आहे: तुमच्या थॅकोतून शत्रूचा आर्मर क्लास, म्हणजे त्याच्या बचावाचा आकडा, वजा करा. थॅको २० आणि आर्मर क्लास ४ असेल तर १६ किंवा जास्त हवेत. दोन्ही आकडे जितके लहान तितके त्यांच्या मालकाला चांगले, एवढं डोक्यात बसलं की पुरे.

पुढे २०१२ मध्ये चाहत्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या याच धाटणीच्या नव्या गेमसाठी जवळपास ४० लाख डॉलर जमवून दिले, ते सर्वांना माहीत आहे. मला त्यापेक्षा कमी गाजलेलं एक काम दाखवायचं आहे, अनुवादाचं. इंग्रजीत ‘आय केम’ म्हटलं की बोलणारा पुरुष की बाई हे कळत नाही, त्यामुळे इंग्रजी गेमला वाक्यांची एकच फाइल पुरते. मराठीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ यांतला एक पर्याय निवडावाच लागतो. फ्रेंच, पोलिश अनुवादकांपुढेही हाच पेच होता, म्हणून या इंजिनात ‘डायलॉग-एफ’ नावाच्या दुसऱ्या फायलीची सोय आहे. नायिका असेल तर गेम तिथून वाचतो. दोन्ही फायलींत क्रमांक तेच, एकही पुढेमागे झालेला चालत नाही. म्हणजे कुणी चाहता अनुवादाला बसला की हजारो वाक्यं दोनदा तपासतो. कोणत्या वाक्यात नायिकेशी कुणी बोलतंय आणि कोणत्यात नायिका स्वतः, हे नुसत्या क्रमांकावरून कळत नाही. मग तो संवादाची फाइल उघडतो, वाक्य कुणाच्या तोंडी आहे ते पाहतो, गेम सुरू करून त्या प्रसंगापर्यंत चालत जातो, आणि एका क्रियापदाचा शेवटचा स्वर बदलून परत येतो.