एका बाजूत मावणारा अल्बम

अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, तेवढ्या वेळात स्लेयर या अमेरिकन मेटल बँडच्या ‘रेन इन ब्लड’मधली मधली दोन-तीन गाणी वाजून झाली असती. (हशा) तक्रार नाही हं. अख्खा अल्बमच एकोणतीस मिनिटांचा. दहा गाणी, 1986 साल.

विषय जाहीर झालाय ‘थ्रॅशमधला वेग’; थ्रॅश म्हणजे हेवी मेटलचा सुसाट प्रकार. त्याकडे येतोच, पण आधी कॅसेट.

ओरिजिनल कॅसेटवर दोन्ही बाजूंना संपूर्ण अल्बम होता, कारण तो एकाच बाजूत मावायचा. मित्राच्या मामाने अमेरिकेहून आणलेली ती कॅसेट मी आमच्या गावातल्या भरून देणाऱ्या दुकानात नेली. साठची कोरी कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. दुकानदार दोन दिवसांनी म्हणतो, “तुम्हाला फसवलंय. दोन्हीकडे तेच आहे. मी दुसरी बाजू वाया नाही घालवली, आरत्या भरल्यात.” आणि पैसे पूर्ण घेतले!

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. गणपती बसला, गुरुजींच्या हातात ताम्हण, आईने कॅसेट लावली. उलटी. ‘एंजल ऑफ डेथ’ सुरू होतं आणि काही सेकंदांत गायक टॉम अरायाची ती लांबलचक किंकाळी येते. सगळं घर स्तब्ध. आई शांतपणे म्हणाली, “अरे, त्याला कुणीतरी पाणी द्या.”

गंमत म्हणजे अराया आधी श्वसनोपचाराचंच काम करायचा. आईचं निदान अगदीच चुकलं नव्हतं. पण गाणं आहे आउश्वित्झ छळछावणीतल्या नाझी डॉक्टर मेंगेलेवर, आणि त्यावरूनच कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने हा अल्बम वितरित करायला नकार दिला. शेवटी तो गेफन या दुसऱ्या कंपनीने उचलला. हे कळल्यावर मात्र मला त्या दिवशीचं हसू जरा टोचलं. त्यावर वेगळं बोलायला हवं, आज नाही... चिठ्ठी आली का? पाच मिनिटं? बरं.

तर मुद्दा. सगळे म्हणतात हा अल्बम वेगवान आहे. माझं म्हणणं, तो कोरडा आहे. घाटातल्या बोगद्यात भरभर टाळ्या वाजवून बघा: घुमाऱ्यात एक टाळी दुसरीवर सांडते, नुसता गोंगाट होतो. तेच गोधड्या रचलेल्या खोलीत वाजवा, प्रत्येक टाळी सुटी ऐकू येते. स्लेयरच्याच 1985 च्या ‘हेल अवेट्स’ अल्बममध्ये तो बोगदा होता, गाणीही लांब. मग आला निर्माता रिक रुबिन, हिप-हॉपमधला माणूस. त्याने आणि ध्वनिमुद्रक अँडी वॉलेसने घुमारा जवळजवळ पुसून टाकला. ‘एंजल ऑफ डेथ’च्या शेवटाकडे बाकी सगळे थांबतात आणि ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे दोन पाय तेवढे बास ड्रमवर धावतात. तिथे एकेक ठोका मोजता येतो, ते लोम्बार्डोच्या पायांइतकंच त्या कोरडेपणाचंही श्रेय. हॅनेमन आणि किंगच्या गिटारींबद्दलही हेच... हो हो, आवरतो.

एकच मिनिट? पुरे. शेवटच्या गाण्याअखेर वाद्यं थांबतात आणि नुसता पाऊस पडत राहतो. तेवढा लावा हो. आणि बाजू बघून लावा.