फाइल उघडी आहे, पण काउंटरवर या: लॉस एंजेलिस काउंटीतले फेलनी रेकॉर्ड

(दृश्य: लॉस एंजेलिस डाउनटाउन, सकाळ. कोर्टाबाहेर सिक्युरिटीची रांग, बेल्ट काढून ट्रेमध्ये टाकणारी माणसं.)

टेंपल स्ट्रीटवरची ही २१० नंबरची बिल्डिंग. १९७२ मध्ये उघडली, आणि २००२ मध्ये हिला क्लारा शॉर्ट्रिज फोल्ट्झ यांचं नाव मिळालं. या बाई १८७८ मध्ये वकील झाल्या, अमेरिकेच्या अख्ख्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पहिल्या महिला वकील, आणि खिशात पैसे नसलेल्या आरोपीलाही सरकारने वकील द्यावा म्हणून त्या वर्षानुवर्षं भांडल्या. पुढे १९१४ मध्ये याच काउंटीत देशातलं पहिलं पब्लिक डिफेंडरचं, म्हणजे अशाच वकिलांचं, ऑफिस निघालं. बहुतेकांना मात्र ही बिल्डिंग आठवते ती माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या १९९५ च्या खून खटल्यामुळे, टीव्हीवर महिनोन्‌महिने हेच कोर्ट दिसत होतं ना.

त्या खटल्याचा नंबर होता बीए ०९७२११. हे मुद्दाम सांगतोय, कारण आजच्या व्हिडिओत, म्हणजे इथल्या फेलनी खटल्यांचे कागद कसे मिळवायचे यात, महत्त्वाची गोष्ट हीच आहे, केस नंबर. तो हातात असेल तर काम सोपं, नसेल तर अर्धा दिवस तो शोधण्यातच जातो.

आता फेलनी म्हणजे काय ते पटकन. ज्या गुन्ह्याला एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा, स्टेट प्रिझन वगैरे होऊ शकते तो फेलनी, त्याखालचा मिस्डमीनर. पण कॅलिफोर्नियात मधले पण बरेच गुन्हे आहेत, त्यांना वकील लोक सरळ ‘वॉब्लर’ म्हणतात, म्हणजे सरकारी वकील ते फेलनी म्हणून लावू शकतो किंवा मिस्डमीनर म्हणून, आणि फेलनी लावलेला गुन्हा जज नंतर खाली आणू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

(दृश्य: काउंटीचा नकाशा, लाँग बीचपासून अँटेलोप व्हॅलीपर्यंत.)

लॉस एंजेलिस काउंटीत साधारण एक कोटी माणसं राहतात. कोर्ट एकच, सुपीरियर कोर्ट, पण इमारती ठिकठिकाणी. जुन्या पद्धतीच्या केस नंबरची पहिली दोन अक्षरं बघून जाणकार माणूस लगेच सांगतो की फाइल कुठली. बीए म्हणजे डाउनटाउन, एनए लाँग बीच, केए पोमोना, जीए पॅसाडीना. म्हणून आधी नंबर बघायचा आणि मग गाडी काढायची, नाहीतर पोमोनाची केस विचारायला डाउनटाउनला येऊन पार्किंगचे वीस-तीस डॉलर घालवणारे लोक इथे रोज असतात.

नंबर नसेल तर? कोर्टाच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं, पण ते फुकट नाही, एका नावाला साधारण पाच डॉलरच्या आत-बाहेर फी आणि काही सापडो न सापडो पैसे गेले. कोर्टात प्रत्यक्ष गेलात तर पब्लिक टर्मिनलवर, म्हणजे लोकांसाठी ठेवलेल्या कॉम्प्युटरवर, बसून स्वतः शोधा, तिथे फी नाही. क्लार्कला शोधायला लावलंत आणि त्याला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर १५ डॉलर.

आणि इथेच खरी गंमत आहे. कॅलिफोर्नियाच्या कोर्ट रूल्सप्रमाणे क्रिमिनल केसचे कागद घरबसल्या इंटरनेटवर दाखवायचे नाहीत. तारखांची यादी, नावांचा इंडेक्स, केसमध्ये काय काय झालं त्याची नोंद, एवढं ऑनलाइन चालतं, पण मूळ कागद, म्हणजे कंप्लेंट (आरोपांचा कागद), अर्ज, ऑर्डर, हे बघायला कोर्टात या. एखादी फारच गाजलेली केस असेल तर जज वेगळी परवानगी देऊ शकतो, बाकी सगळ्यांना काउंटर. कागद सगळ्यांसाठी उघडे आहेत, अमेरिकन सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच म्हटलंय की कोर्टाचे कागद बघायचा आणि त्यांची कॉपी घ्यायचा लोकांना हक्क आहे, का बघायचेत हे क्लार्क तुम्हाला विचारत नाही. पण उघडे आहेत म्हणजे ते तुमच्या फोनवर येतील असं नाही. मला विचाराल तर हा नियम वाटतो तितका जुनाट नाही, कारण कोर्टापर्यंत यायची तसदी घेणारा माणूस आणि रात्री दोन वाजता शेजाऱ्याचं नाव टाकून बघणारा माणूस, यांच्यात फरक असतोच की.

आपल्याकडच्या लोकांना यात एक ओळखीची गोष्ट सापडेल. बरेच जण आधी पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराखाली, अर्ज टाकतात, आणि तो परत येतो, कारण तो कायदा कोर्टांना लागूच नाही. भारतात पण २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, कोर्टाच्या फाइलची नक्कल हवी तर माहिती अधिकारातून मागू नका, कोर्टाच्या नियमांप्रमाणे अर्ज करा. म्हणजे पुण्यात शिवाजीनगरला नक्कल विभाग आणि इथे क्लार्कची खिडकी, रांग दोन्हीकडे.

(दृश्य: पब्लिक टर्मिनल, एकाच नावाच्या ओळींनी भरलेला स्क्रीन.)

आता नावाचा घोळ. स्क्रीनवर हर्नांडेझ किंवा गार्सिया टाका, आणि खाली स्क्रोल करत बसा. पूर्वी जन्मतारीख टाकून यादी कमी करता यायची, पण २०२१ मध्ये शेजारच्या रिव्हरसाइड काउंटीच्या एका केसमध्ये अपील कोर्टाने सांगितलं की जन्मतारीख किंवा ड्रायव्हिंग लायसन्स नंबर टाकून इंडेक्स शोधू देणं नियमात बसत नाही. बॅकग्राउंड चेक करणाऱ्या कंपन्यांची पंचाईत झाली, नोकऱ्या लागायला उशीर व्हायला लागला, विधिमंडळाने जन्मतारखेचा शोध परत आणायचं बिल पास केलं आणि २०२२ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी त्याच्यावर व्हेटो मारला. दोन्ही बाजूंचं म्हणणं कळतं, पण त्रास होतो तो त्याच नावाच्या निर्दोष माणसाला. आपल्या पाटील, जोशी, कुलकर्णींनाही हे लागू आहे, त्यात वडिलांचं नाव कधी मिडल नेम म्हणून लिहिलेलं, कधी गाळलेलं, स्पेलिंग तीन प्रकारचं. मुलीसाठी कॅलिफोर्नियातलं स्थळ आलंय आणि नागपूरहून मामांनी नाव टाकून ‘एक केस दिसतेय हो’ असा फोन केला, तर आधी विचारा, तोच माणूस कशावरून?

आणि तोच असला तरी इंडेक्समधली ओळ म्हणजे निकाल नव्हे. तिच्यावरून एवढंच कळतं की केस दाखल झाली. पुढे प्रत्येक आरोपासमोर काय लिहिलंय ते वाचायला लागतं. ‘हेल्ड टू आन्सर’ दिसलं तर प्राथमिक सुनावणीत जजला खटला चालवण्याइतका पुरावा दिसला, बास, दोषी ठरवलेलं नाही. ‘नोलो’ म्हणजे आरोपीने आरोपाला विरोध केला नाही, आणि फेलनीत त्याचा परिणाम गुन्हा कबूल केल्यासारखाच. ‘१३८५’ हे कायद्याचं कलम दिसलं तर तो आरोप जजने काढून टाकलाय. आणि मघाशी म्हटलं ते वॉब्लर, फेलनी खाली येऊन मिस्डमीनर झाली तरी केस नंबर तोच राहतो, त्यामुळे नुसता नंबर बघून ‘फेलनी आहे’ म्हणणारे इथे हमखास फसतात.

काही गोष्टी मिळणारच नाहीत. अल्पवयीन मुलांच्या केसेस सहसा बंद असतात. जजने सील केलेले कागद दिसत नाहीत. प्रोबेशन रिपोर्ट, ज्यात माणसाची सगळी कुंडली असते, तो निकालानंतर साधारण ६० दिवस उघडा असतो, नंतर जजची परवानगी लागते. आणि एफबीआयने पकडून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात नेलेला माणूस काउंटीच्या इंडेक्समध्ये सापडणारच नाही, त्याच्यासाठी पेसर नावाची वेगळी वेबसाइट, पानाला १० सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त ३ डॉलर.

(दृश्य: शिक्का मारणारा हात, मग टपालाचं पाकीट.)

कॉपीचे दर राज्याच्या कायद्यानेच ठरलेत. पानाला ५० सेंट. सर्टिफाइड हवी तर शिक्क्याचे ४० डॉलर वेगळे. लांब राहणाऱ्यांनी टपालाने मागवावं, चिठ्ठीत केस नंबर, आरोपीचं नाव, नेमके कुठले कागद हवेत ते लिहायचं, स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं, आणि चेकवर रक्कम कोरी ठेवून ‘अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही’ असं लिहायचं, म्हणजे पानं किती निघतील हे आधी माहीत नसलं तरी अडत नाही. ‘सगळी फाइल द्या’ असं लिहू नका, शेकडो पानं येतील. बहुतेकांना लागते ती फक्त कंप्लेंट आणि शेवटचा निकाल, म्हणजे डिस्पोझिशन.

आपल्या मंडळींना हे कागद सर्वात जास्त लागतात ते दुसऱ्याचे नाही, स्वतःचे. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिपच्या फॉर्ममध्ये अटकेचा प्रश्न असतो, आणि केस रद्द झाली असली तरी इमिग्रेशनवाले सर्टिफाइड डिस्पोझिशन मागतात. कॅलिफोर्नियात शिक्षा भोगून झाल्यावर कोर्टाकडून केस ‘एक्स्पंज’ करून, म्हणजे दोषी ठरवल्याचा निकाल रद्द करून, घेता येते, पण त्याने इमिग्रेशनच्या नजरेतून ती पुसली जात नाही, हे वकिलाकडे गेल्यावर कळलं की लोकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. म्हणून लपवायचं नाही, कागद काढायचे. फेलनीची फाइल कोर्टाला ५० वर्षं ठेवावी लागते, मृत्युदंडाच्या केसची कायमची, त्यामुळे ती मिळते. अडचण येते ती जुन्या मिस्डमीनरची, ती फाइल काही वर्षांनी नष्ट करता येते. तेव्हा क्लार्ककडून रिकाम्या हाताने परत यायचं नाही, ‘या केसचं रेकॉर्ड आता उपलब्ध नाही’ असं कोर्टाचं लेखी, शिक्क्यासकट पत्र मागायचं आणि तेच अर्जाला जोडायचं.