समुद्राकाठचं संग्रहालय आणि वाघूरचं पाणी

(जळगावातल्या एका व्याख्यानाचा थोडा आवरलेला मजकूर)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘समकालीन कला : खानदेशाला तिचं काय?’ तो येईलच, पण आधी डेन्मार्कला जाऊन येऊ. तिकीट संयोजकांनी काढलेलं नाही, त्यांनी घाबरू नये.

लेक कोपनहेगनला असते. जावई म्हणाले, बाबा, तुमची सगळी नोकरी चित्रकलेच्या तासात गेली, तुम्हाला लुईझियाना दाखवतो. नाव अमेरिकेतलं, पण हे संग्रहालय कोपनहेगनच्या उत्तरेला सुमारे 35 किलोमीटरवर, हुमलेबेक नावाच्या गावात, अगदी समुद्राला खेटून आहे. नाव पडलं तिथल्या जुन्या घरावरून. घर बांधणाऱ्या ब्रुनसाहेबांनी तीन लग्नं केली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ. हसा, हसा. त्या माणसाला झोपेत बोलायची तरी भीती नव्हती.

तिथे संग्रहालय उघडलं 1958 साली, क्नुड येन्सन यांनी. घरचा धंदा चीजच्या घाऊक व्यापाराचा. पेढी विकली आणि पैसा कलेत घातला. पुढच्या रांगेत केळीचे दोन मोठे व्यापारी बसलेत. मी त्यांच्याकडे बघत नाहीये.

बो आणि वोलर्ट हे दोघे वास्तुरचनाकार आधी महिनोन्‌महिने त्या बागेतून नुसते हिंडले, झाडं बघत. मग बुटक्या इमारती आणि त्यांना जोडणाऱ्या काचेच्या वाटा आखल्या. चित्र बघायचं, काचेतून झाड बघायचं, पुन्हा चित्र. असं चालता चालता एका दालनात पोचलो. दोन मजली उंच काच, पलीकडे तळं, आणि अलीकडे जियाकोमेट्टी या शिल्पकाराची ब्राँझची माणसं, काडीसारखी, लांबच लांब. आमच्या सौ. धरणगावच्या. मोठ्याने म्हणाल्या, “याले कोनी भाकर दिधी नही का?” जावई इकडेतिकडे बघायला लागले.

पण ही बाई तिथून हलेना. मी पुढची दोन दालनं बघून परत आलो तरी ती तिथेच. म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर माणसं जायची ना, ती लांबून अशीच दिसायची, चालतायत एवढंच कळायचं. तिचे वडील त्या कामावर मुकादम होते. कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊच्या रांगा, मिलो म्हणजे परदेशी ज्वारीच्या लाल भाकरी, सगळं तिने त्या तळ्याकडे बघत सांगितलं. जावयाने ते पहिल्यांदाच ऐकलं. जियाकोमेट्टी स्वित्झर्लंडचा, राहिला पॅरिसला. युद्धात पोळलेल्या युरोपाला त्याच्या माणसांत आपलीच हालत दिसली, हे मी पुस्तकात वाचलं होतं. हिने काहीच वाचलं नव्हतं. तिला फक्त उभं राहायला जागा आणि वेळ मिळाला.

बाहेर आलं की थेट समुद्र, पलीकडे स्वीडनचा किनारा. काल्डरची लोखंडी शिल्पं वाऱ्यात उभी, हेन्री मूरच्या शिल्पातली बाई आडवी पडलेली, आणि पोरं उतारावरून गडगडत खाली चाललेली.

आता आपल्याकडची गोष्ट. गावाचं नाव घेत नाही. एकदा शाळेची पोरं घेऊन एका संग्रहालयात गेलो. कुलूप. चावी शिपायाकडे, शिपाई लग्नाला. लग्न कुणाचं, तर साहेबांच्या पुतण्याचं, म्हणजे साहेबही तिकडेच. दुपारी चावी आली. मग सूचना : रांगेत चला, हात मागे, बोलू नका, थांबू नका. थांबू नका! पंखा बंद, खिडक्यांना आतून पुठ्ठे ठोकलेले. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत पोरं दुसऱ्या दाराने बाहेर. त्यातला एक पोरगा मला म्हणाला, “सर, इथे बसायचं कुठे?” त्याला मी शाळेत रोज बेंचवर उभा करायचो, तरी प्रश्न बरोबर होता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. बरं, मग मूळ विषय पळवतो.

लोक म्हणतात, समकालीन कला कळत नाही. येन्सन यांचं यावर एक सूत्र होतं, सौना स्नानाचं, म्हणजे तापलेल्या खोलीत घाम काढून मग गार पाणी घ्यायचं. आधी ओळखीच्या, ऊबदार कलेने लोकांना आत घ्यायचं, मग अनोळखी कलेचं गार पाणी अंगावर. आपण जळगावकर, मे महिन्यात सौना फुकट. अर्धं काम झालेलंच आहे, गार पाण्याची सोय तेवढी करायची.

समुद्र कुठून आणायचा? नको आणायला. अजिंठ्याची लेणी वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर कोरलेली आहेत. पूर्वी लेण्यांमधून नदीत उतरायला पायऱ्या होत्या. अंधारातलं चित्र बघून ओसरीत यावं, समोर डोंगर आणि खाली पाणी. बो आणि वोलर्ट यांनी जे केलं, ते इथे दीड हजार वर्षांआधी केलेलं आहे. या टेबलावरच्या तांब्यातलं पाणीही त्याच वाघूरचं, धरणातून आलेलं.

आणि चाळीसगावला केकी मूस नावाचे छायाचित्रकार होते. रेल्वे स्टेशनजवळच्या घरात, जवळजवळ पन्नास वर्षं, बाहेरचं जग टाळून, 1989 साली जाईपर्यंत. टेबलावर चार वस्तू मांडून त्यांचे असे फोटो काढायचे की डोंगरदऱ्या वाटाव्यात. ते घर आज संग्रहालय आहे. हात वर करा, कोणी कोणी पाहिलंय? ...हं. आणि सिंगापूर? बघा.

माझी मागणी एवढीच : नव्या कलेसाठी एक दालन, त्याला नदीकडे किंवा शेताकडे उघडणारी खिडकी, दोन बाकं, चहा, आणि चावी घेऊन लग्नाला न जाणारा माणूस. नगरसेवक आलेत असं ऐकलं, त्यांनी लिहून घ्यावं.

घंटा वाजली. रविवारी सकाळच्या गाडीने चाळीसगावला मूसांच्या घरी जायचंय. येणाऱ्यांनी मागच्या टेबलावर नावं द्या. डबा आपापला. भरीत कोणी आणणार असेल तर आधी सांगा, भाकरी आमच्याकडून.