कीचक म्हणजे कोण?

राणीच्या दासीच्या वेशातली द्रौपदी. तिच्यामागे लागलेला कीचक. अज्ञातवास चालू, त्यामुळे पाचही पांडव वेश बदलून तिथेच, पण गप्प. शेवटी भीम कीचकाला ठार मारतो. कीर्तनांतून घरोघरी पोचलेली ही कथा. तिच्यावर सरकारने बंदी घालावी, असं तिच्यात होतं तरी काय?

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. खाडिलकर टिळकांच्या ‘केसरी’तले. दोनच वर्षांपूर्वी व्हाइसरॉय कर्झनने बंगालची फाळणी केली होती. काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल यांची जुंपली होती. त्याच वर्षाअखेर सुरतेत ती फुटली. आता नाटकाकडे पुन्हा पाहा. धीर धरा म्हणणारा युधिष्ठिर आणि धीर संपलेला भीम. प्रेक्षकांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, कीचक म्हणजे कर्झन.

कर्झनचं नाव संहितेत कुठेच नाही. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने नेमकं हेच नोंदवलं: नाव नाही, पण नाट्यगृहात ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. न लिहिलेलं वाचण्यात सरकार भल्याभल्या समीक्षकांच्या पुढे निघालं, म्हणायचं!

नुसती संहिता घेऊन बसलं, तर इथे निम्मंच नाटक हाती लागतं. पण सनावळ्या पाठ करूनही उरलेलं निम्मं मिळत नाही. परीक्षेच्या उत्तरांत ‘तत्कालीन परिस्थिती’चा एक परिच्छेद असतो, पुढे त्याचा नाटकाशी काही संबंध उरत नाही. त्यापेक्षा प्रत्येक प्रवेशाला एवढंच विचारावं, की हे त्या प्रेक्षागृहात कुणाला झोंबलं असेल?

आणि रूपक उलगडलं, की वेगळीच अडचण होते. कीचक म्हणजे कर्झन, एवढं म्हणून वाचक मोकळा होतो. द्रौपदीचं नुसतं प्रतीक उरतं. पण ती राणीची दासी आहे, आणि छळणारा राणीचाच भाऊ, राज्याचा सेनापती. तिने दाद मागायची कुणाकडे? तेव्हाच्या प्रेक्षकाला तिच्यात देश दिसला. आजच्या वाचकाला आधी ती बाई दिसते. हा अर्थ आपण मागाहून लादला, असं मला वाटत नाही. महाभारतातही द्रौपदी धावत विराटाच्या सभेत जाते, कीचक तिला राजासमोर लाथ मारतो, आणि राजा न्याय देत नाही.